मिस्त्रींचा कान आणि माझी लाल गाडी

शिवराम मिस्त्री गेल्याची बातमी मला कळली तेव्हा मी साकोली सोडून लाखनीच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला, माझ्या लाल गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकून उभा होतो. गाडी बंद पडली होती. ही काही बातमी नव्हे. ती गेली सोळा वर्षं बंदच पडते आहे, मधून मधून चालते एवढंच. समोरून भंडाऱ्याची बस आली. ओळखीचा ड्रायव्हर, त्यानं बस थांबवून मुंडकं बाहेर काढलं. "भाऊ, दवाखान्यात जाऊन राहिले का? नका जाऊ. मिस्त्री गेले ना सकाळी. आनूनच राहिले त्याहिले." मी बॉनेटकडेच पाहत राहिलो, तर त्याला वाटलं मला गाडीची काळजी पडली आहे. त्यानं चार उतारू खाली उतरवले, गाडीचं तोंड साकोलीकडे फिरवलं आणि सगळ्यांनी मिळून धक्का दिला. गाडी पहिल्याच धक्क्याला सुरू झाली. भंडाऱ्याकडे जायला नाही म्हणणारी, परत फिरायला मात्र एका पायावर तयार…

मी मिस्त्रींना एक कबुली द्यायला निघालो होतो. दहा वर्षांपूर्वी, त्यांच्या मुलीच्या पाठवणीच्या दिवशी, भर रस्त्यात मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो, आणि त्या खोट्यापायी त्या माणसाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला. बसनं गेलो असतो तर आदल्या दिवशीच पोचलो असतो. पण मला गाडीच न्यायची होती. वॉर्डाच्या खिडकीखाली इंजिन सुरू ठेवायचं, त्यांना ऐकवायचं आणि मग सांगायचं, असा नाटकी बेत होता. माझे सगळे बेत नाटकी असतात, आणि सगळे असेच रस्त्यात बसतात.

गाडी मी घेतली तीही अशीच. चिखल्याच्या खाणीवरचे एक साहेब बदली होऊन चालले होते. त्यांच्या बंगल्याच्या पडवीत ही उभी होती : विलायती, दोन सीटांची, कापडी टपाची, जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. वयानं माझ्याहून थोडीच लहान. साहेब इतक्या कमी पैशांत द्यायला का तयार झाले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तुमसरपर्यंत ती आपल्या पायांनी आली, पुढे साकोलीपर्यंत ट्रकला दोर बांधून. आमची तांदळाची गिरणी होती. गिरणीच्या दारात गाडी उतरवली तेव्हा माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, चष्मा पुसून ती पाहिली आणि म्हणाले, "हत्ती घेतला असता तं बरं झालं असतं. वरातीत भाड्यानं तरी देता आला असता."

शिवराम मिस्त्री आमच्या गिरणीचं डिझेल इंजिन पाहायला यायचे. गिरण्या, पंप, एखादी जीप, हाच त्यांचा धंदा. असली गाडी त्यांनीही कधी पाहिली नव्हती. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी मलाच विचारलं, "तू काय केलं?" मी म्हटलं, काही नाही केलं, ती आपोआप बंद पडली. ते हसले. "इंजिन खोटं नाही बोलत, भाऊ. मालक बोलते. म्हनून मी पयले मालकाले इचारतो." ही त्यांची रीत होती. मालक खरं सांगेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मग गाडी सुरू करायची, डोळे मिटायचे आणि ऐकत बसायचं. मी बोलायला लागलो की नुसतं बोट वर करायचे. ऐकून झालं की एकच जागा दाखवायचे आणि तेवढीच उघडायचे. नागपूरच्या गॅरेजात अर्धी गाडी जमिनीवर मांडतात, जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरतात, आणि त्या उरलेल्या स्क्रूंचेही पैसे आपणच देतो.

खर्चाचं काय सांगावं! गाडी जितक्याला घेतली तितकं तिनं पहिल्या दोन वर्षांतच खाल्लं. विलायती सुटे भाग मिळत नसत, आणि मिळालेच तर एका डबीत मावणाऱ्या वस्तूला बैलजोडीची किंमत. मिस्त्री मला त्यातून वाचवायचे. पंख्याचा पट्टा ट्रॅक्टरचा, पाण्याचा पाईप गिरणीचा, आणि कार्बोरेटरचं गॅस्केट जाड लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं. ते कातरीनं इतकं नेमकं कापायचे की मी लोकांच्या पत्रिका अक्षता टाकण्याआधी बोटांत चोळून पाहू लागलो. गिरणीच्या शेडमध्ये गाडी ठेवायचो म्हणून इंजिनात धानाचा कोंडा जायचा आणि सीटमध्ये उंदीर. मिस्त्री म्हणायचे, "पोट्टी मोठ्या घरची हाय न, भाऊ. कोंड्यात नांदवून राहिला तू तिले." मजुरी ठरलेली घ्यायचे, जास्त नाही, कमीही नाही. उपकार हा शब्द आमच्यात नव्हता.

त्यांनी माझ्याकडे एकदाच काही मागितलं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, बेबीचं, लग्न ठरलं. दिघोरीचं घर. चांगली धानाची शेती, भरलेलं अंगण, आणि मिस्त्रींच्या काळ्या बोटांकडे बघून जरा नाक मुरडणारे नातेवाईक. मिस्त्री गिरणीत आले, टोपी हातात धरून म्हणाले, "बेबीले तुह्या गाडीत पोहोचवशीन का? त्याहिले दिसलं पायजे का मिस्त्री काय करते." मग चार दिवस ते गाडीपाशी बसून होते. दोन्ही कार्बोरेटर खोलून, धुऊन बसवले. लग्नाच्या आदल्या सकाळी मला म्हणाले, "आता हात नोको लावू. धुवू बी नोको."

आणि त्याच दुपारी मी गाडी धुतली! बाहेरून धुतली असती तरी चाललं असतं, पण मला इंजिनही चमकवायचं होतं. दिघोरीच्या लोकांनी बॉनेट उघडून पाहिलं तर? प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं. मी त्याचं झाकण काढून धोतराच्या फडक्यानं पुसू लागलो, आणि झाकणाच्या आत मधोमध स्प्रिंगवर बसलेलं कोळशाचं बटण, नखाएवढं, ज्याच्यातून सगळी वीज जाते, ते माझ्या अंगठ्याखाली तुटलं. मिस्त्रींकडे जायला हवं होतं. पण त्यांच्या दारी मांडव, आणि मी त्यांचा शब्द मोडलेला. म्हणून मी टॉर्चचा सेल फोडला, आतली कोळशाची कांडी कानशीनं घासली आणि बसवली. गाडी सुरू झाली. त्या दिवशी मी स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेतलं.

पाठवणीच्या सकाळी मी चालवायला, आणि दुसऱ्या सीटवर नवरा-नवरी दोघं. नवरदेव निम्मा हँडब्रेकवर. मागे वऱ्हाडाचा ट्रक, त्यात नवे कपडे घातलेले मिस्त्री. अर्ध्या वाटेत, एका तलावाच्या पाळीजवळ, गाडी आचके देऊन थांबली. ट्रक थांबला, वऱ्हाड उतरलं. नवरदेवाचे वडील, ज्यांना बेबी पुढे मामाजी म्हणू लागली, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ट्रकात बसवा पोरीले. पोहोचन तरी." लोक हसले. मिस्त्रींनी बॉनेटला हात लावण्याआधी मला जरा बाजूला घेतलं. "भाऊ, तू काई केलं का?" आवाजात आरोप नव्हता. डॉक्टर विचारतो तसं. माझ्याभोवती वऱ्हाड उभं होतं, बेबी माझ्याकडे पाहत होती… मी म्हटलं, "नाही बाप्पा. हातबी नाही लावला."

हो म्हटलं असतं तर त्यांनी झाकण उघडलं असतं आणि दहा मिनिटांत काहीतरी जुगाड केला असता. पण मी नाही म्हटलं, आणि त्यांनी माझं खरं मानलं. त्यांनी प्लगची वायर काढून पाहिली. माझ्या कांडीपायी ठिणगी मरतुकडी पडत होती, पण भर उन्हात ते कसं कळणार? मग दोष उरला तो त्यांनी स्वतः हात लावलेल्या जागी. नवं धोतर नेसलेला तो माणूस रस्त्यावर बसून तासभर आपलेच कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलत राहिला. शेवटी बेबी ट्रकातच गेली. ट्रक हलला तेव्हा तिच्या बापाच्या दोन्ही हातांत पेट्रोल होतं, म्हणून तिला जवळही घेता आलं नाही.

तीन दिवसांनी नागपूरहून नवं बटण आणून मी गुपचूप बसवलं. मिस्त्रींनी येऊन विचारलं, "काय निघालं?" सांगायची दुसरी संधी… मी म्हणालो, "कार्बोरेटरमध्ये कचरा होता." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "कचरा. मंग माह्याच हातून राह्यला तो." महिनाभरानं मी गाडीचं दुसरं काही दुखणं घेऊन गेलो, तर म्हणाले, "नाही भाऊ, नागपूरले ने. आता कान नाही राह्यला आपला. आपन पंप पाहू." माझीच नव्हे, त्यानंतर त्यांनी कुणाची जीपसुद्धा उघडली नाही.

नागपूरच्या गॅरेजवाल्यांनी मला दहा वर्षं सोलून काढलं. प्रत्येक बिल भरताना वाटायचं, ही माझी शिक्षा चालू आहे. पण शिक्षा भोगणं फार सोपं असतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाला एक वाक्य सांगणं त्याहून अवघड. एकदा सांगायला गेलो तर त्यांच्याकडे पाहुणे होते, म्हणून परत आलो. दुसऱ्यांदा पाहुणे नव्हते, म्हणून घाबरून परत आलो.

या खेपेला ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात असल्याचं कळलं, तेव्हा बसनं भेटायला गेलो. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मला पाहून म्हणाले, "गाडी कशी हाय? आवाज कसा येते?" मी सांगू लागलो तर बोट वर केलं. "सांगू नोको. काढून दाखव." आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, भरल्या वॉर्डात तोंडानं इंजिनाचा आवाज काढू लागलो. घुर्र… टिक… घुर्र… टिक. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "टॅपेट ढिला हाय. मांगचा असन." पुढे लगेच, जणू चूक झाल्यासारखं, "असन म्हनतो. आता आपल्याले काय समजते…"

घरी येऊन पाहिलं. मागचाच टॅपेट, व्हॉल्व्ह उघडणारा तो खटका, आणि ढिलाच. त्या दिवशी मला कळलं की मी त्यांचा कान मोडला नव्हता. मी फक्त त्यांना तसं सांगितलं होतं, आणि दहा वर्षं सांगत राहिलो होतो. तो टॅपेट मी स्वतः घट्ट केला आणि एक दिवस सोडून सगळं सांगायला निघालो. पुढचं वर सांगितलंच आहे.

तेरवी झाल्यावर बेबीला गाठलं. ती वडिलांच्या खोलीतले पाने पोत्यात भरत होती. मी पायरीवर बसून सुरुवातीपासून सगळं सांगितलं, सेल आणि कानशीसकट. ती पाने भरतच राहिली. मग म्हणाली, "घरात कंदील इझला तरी म्हनत, मिस्त्रीच्या पोरीचा हात लागला असन. घड्याळ बंद पडलं तरी तेच. दहा वरस, दादा. अन् आता मले काहून सांगून राहिले?" मी म्हटलं, आणखी कुणाला सांगू? "दिघोरीले या. जिथं मी आयकलं, तिथं सांगा."

मी गेलो. बसनं. अंगणात मामाजी, नवरदेव, भावकीतले चौघं-पाचजण. गोष्टी सांगून लोकांना हसवणं हा माझा जन्माचा उद्योग, पण ही सांगताना कुणी हसलं नाही आणि मीही हसवू शकलो नाही. माझं संपल्यावर मामाजींनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "आमी त्या मानसाले हासत होतो, अन् दरसाल आमचाच पंप त्याच्याकडून नीट करून घेत होतो. अन् तो येत होता." मग उठले. "चाला."

विहिरीजवळच्या छपरीत पंपाचं जुनं डिझेल इंजिन होतं. मामाजींनी हँडल फिरवलं, तसं ते पहिल्याच फेऱ्यात लागलं. मग त्यांनी छपराच्या बांबूत खोचलेला, स्क्रू फिरवायचा एक लांब पेचकस काढला. मिस्त्री तो तिथंच ठेवून जात असत, पुढच्या साली यायचंच आहे म्हणून. त्याचं टोक इंजिनाला लावायचं आणि लाकडी मूठ कानाला. मुठीची एक बाजू कानाला लागून लागून गुळगुळीत झाली होती. मामाजींनी ती आपल्या कानाशी धरून पाहिली, म्हणाले, "मले तं नुसता गोंगाट," आणि पेचकस बेबीच्या हातात दिला.

तिनं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. पाणी पाटानं धानाच्या बांध्यांकडे निघालं होतं. थोड्या वेळानं मामाजींनी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तशी डोळे न उघडता ती म्हणाली, "नोका बंद करू, मामाजी. आयकू द्या."