फोन वाजला की नेट जातं

मुलगा अमेरिकेत, नेटवर्कच्या कंपनीत इंजिनियर. त्याला रजा मिळत नव्हती, म्हणून मला बघायला त्याचे आईवडील पापनाशमहून येणार आणि तो स्वतः आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर येणार, असं ठरलं. तंजावरात घरोघरी ब्रॉडबँड तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं. आमच्या गल्लीत पहिलं आमच्याकडे आलं, तेही माझं लग्न जमावं म्हणून. मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. मलाही त्याचा उपयोग होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रविवारचा राहुकाळ सरला, तशी आईनं पाहुण्यांसाठी सोज्जी-बज्जी, म्हणजे गोड शिरा आणि भजी, बाहेर आणली. मी रेशमी पट्टुसाडी नेसून, मल्लिगेच्या फुलांची वेणी माळून कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर मुलाचं कपाळ आणि एक कान उमटला. तेवढ्यात मावशीचा कुंभकोणमहून फोन आला, बघणं कसं चाललंय विचारायला. कान गेला, कपाळ गेलं, आणि मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

मग पुरुषमंडळी उठली. काका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी अर्थिंग कच्चं आहे असा निर्णय दिला आणि मोडेम शोकेसवर, नाचऱ्या तंजावर बाहुलीशेजारी नेऊन ठेवला. मुलाचे वडील रेल्वेत सिग्नल खात्यात होते. त्यांचं म्हणणं, कनेक्शनवर गंज चढला असेल. त्यांनी प्लग उपसून उपरण्यानं पुसला. माझे वडील, अप्पा, नुसतेच दोघांच्या मध्ये उभे राहून ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्याकडे बघून मान हलवत होते.

दिवा स्थिर झाला की मुलाचा फोन यायचा, काय झालं म्हणून. फोन वाजला की दिवा परत लुकलुकायचा. त्याच्याशी बोलून फोन ठेवायचा, दिव्याची वाट बघायची, दिवा लागायचा, आणि चेहरा उमटायच्या आत पुन्हा फोन. मला बसल्या जागेवरून हे स्पष्ट दिसत होतं. मी काकांना म्हटलंही, की घंटी वाजली की लाइन जातेय. काकांनी पाहुण्यांकडे बघून हसून घेतलं आणि मला समजावलं, की एकाच तारेतून आवाज वेगळ्या वाटेनं जातो आणि नेट वेगळ्या. सिग्नलवाल्यांनी दुजोरा दिला. तत्त्व बरोबरच होतं. नेट तेवढं चालत नव्हतं.

शेवटी मुलाच्या वडिलांनी आईकडून साडीची पिन मागून घेतली आणि मोडेमच्या मागच्या रीसेटच्या भोकात खुपसली. सगळी सेटिंग्ज पुसली गेली. ती परत भरायला मात्र मला सांगितलं गेलं. बघायला आलेल्यांसमोर मी पट्टुसाडीचा पदर खोचून टाइप करत बसले, आणि मुलाची आई बज्जी खात माझ्या बोटांकडे बघत राहिली.

भरून झालं, दिवा लागला, फोन वाजला, दिवा गेला. या खेपेला फोन मीच उचलला.

"तुम्ही फोन करता म्हणून नेट जातंय," मी म्हटलं. "थोडा वेळ करू नका."

तो छान हसला. "तसं होत नसतं. मी हेच काम करतो. बंद करून परत चालू करा. आणि फोन तुमच्या वडिलांना द्या."

मी फोन अप्पांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं आईसाठी दुसरा फोन जोडून घेतला होता. हॉलमधल्या फोनला टेलिफोन ऑफिसच्या माणसांनी आवाज आणि नेट वेगळं ठेवणारी फिल्टरची डबी बसवली होती, पण ह्या फोनचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याची तार मी भिंतीतून ओढून काढली. थोड्या वेळानं मुलाचा फोन पुन्हा आला, हॉलमध्ये घंटी खणखणली, आणि नेट जागचं हललं नाही.

पडद्यावर तो आता पुरता दिसत होता, कानाला फोन लावलेला. आपल्या वडिलांना म्हणाला, "बघा, रीसेट केल्यावर आलं." मग माझ्याकडे एकवार बघून त्यांनाच विचारलं, "मुलीला कॉम्प्युटरचं थोडंफार येतं का?"

"घेईल शिकून," त्याचे वडील म्हणाले.

ते गेल्यावर मी अप्पांना नको म्हणून सांगितलं. काका भडकले. लाइन गेली म्हणून कुणी स्थळ सोडतं का, पुन्हा असा मुलगा इकडच्या आपल्या मराठी माणसांत मिळणार आहे का, असं बरंच बोलले. आईनं उरलेली सोज्जी झाकून ठेवली. अप्पांनी मला एकटीला गच्चीवर नेऊन विचारलं, की त्यानं नेमकं काय वावगं केलं. मी म्हटलं, "मला विचारायचा प्रश्न त्यानं त्याच्या वडिलांना विचारला." दुसऱ्या दिवशी अप्पांनी पापनाशमला फोन करून जातक, म्हणजे पत्रिका, जुळत नसल्याचं कळवलं. जातकं आधीच दोन्ही घरांनी जुळवून घेतली होती, त्यामुळे तिकडच्यांना काय समजायचं ते समजलं.

स्वयंपाकघरातला फोन बंद पडल्यानं आईला मावशीशी हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत बोलावं लागे. ते तिला फार जड गेलं. म्हणून मी टेलिफोन ऑफिसात जाऊन आणखी एक फिल्टर मागून आणला. तो काकांनी बसवला. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन ते ती पांढरी डबी दाखवत आणि खरा बिघाड आपण कसा हुडकला ते सांगत. मी घरात असले तर दर वेळी मध्येच बोलून सांगायचे, की तार मी काढली होती. काका म्हणायचे, "हो, हो, हिनंही मदत केली."