दामाजी घागांची उत्तर दिशा

कोपरचे दामाजी घाग वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळत. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाला 'मला माहीत नाही' असं सांगितलेलं नव्हतं. पत्ता विचारणारा त्यांच्याकडून विन्मुख कधी गेला नाही. तो पोचला की नाही, ही वेगळी गोष्ट.

कारखान्यात योगिनी नावाची नवी एचआर मॅनेजर आली आणि कर्मचाऱ्यांत एकोपा वाढावा म्हणून तिने एका रविवारी सगळ्यांना ठाण्याबाहेरच्या डोंगरउतारावर नेलं. खेळ होता ओरिएंटिअरिंगचा. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातल्या आठ नारिंगी-पांढऱ्या खुणा क्रमाने शोधायच्या, प्रत्येक ठिकाणी कार्डाला भोक पाडायचं. मोबाइल जमा केले गेले. दामाजींची जोडी लागली कॅन्टीनमधल्या मालूशी. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बोलायला कमी.

नकाशा समोरच्या जमिनीशी जुळवून धरा, आपण आहोत तिथे अंगठा ठेवा, चुकलात तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत या, असं योगिनी समजावत होती. दामाजी तेव्हा दोन ड्रायव्हरांना कल्याणला जायचा जवळचा रस्ता सांगण्यात गुंतले होते.

पहिली खूण मैदानातूनच दिसत होती. ती सापडताच दामाजींना खेळ कळला. त्यांनी अक्षरं सरळ दिसतील असा नकाशा धरला आणि तरातरा नेमके उलट्या दिशेला निघाले. अर्ध्या तासाने एक गोठा लागला. दामाजींनी तिथल्या माणसाला दुसऱ्या नंबरची खूण विचारली. माणूस दामाजींच्याच जातकुळीतला निघाला. त्याने क्षणभरही विचार न करता हात लांब केला, डावीकडे वळायला सांगितलं, वर पाच मिनिटांचं अंतरही दिलं. पाच मिनिटांनी दोघं करवंदीच्या जाळीत अडकली. पुढे सरळ दरी होती.

मालूने शांतपणे विचारलं, "काका, आपण आत्ता कुठे आहोत, माहितीय का तुम्हाला?"

दामाजींनी नकाशाकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं, सवयीने हातही उचलला. मग तो खाली घेतला. "नाही," ते म्हणाले. शब्द तोंडातून नवा असल्यासारखा अडखळत आला.

"मग सोपं आहे. परत जाऊ."

दोघं पहिल्या खुणेपाशी आली. मालूने नकाशा फिरवत फिरवत कागदावरचा ओढा खऱ्या ओढ्याच्या रेषेत आणला आणि त्यावर अंगठा ठेवला. बापाच्या होडीत आम्ही हेच करायचो, ती म्हणाली. काठ एका हाताला ठेवायचा आणि तो सोडायचा नाही. ओढ्याच्या कडेने दहा मिनिटं चालल्यावर दुसरी खूण जांभळीखाली लटकलेली दिसली. पुढच्या खुणेला नकाशा दामाजींनी फिरवला, दर वळणाला मालूकडून तपासून घेत.

पाचव्या खुणेपाशी वेळ संपल्याची शिट्टी झाली. मालू थांबली. दामाजींनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि टेकडीमागच्या सहाव्या खुणेकडे पाऊल टाकलं. ती सापडली तेव्हा खाली मंडळी जेवण उरकून हात धूत होती, आणि योगिनी शोधायला माणसं पाठवत होती.