इवाओचं मशीन

तामोत्सुच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या गवत कापायच्या मशीनांपैकी निम्म्यांचे मालक आता डोंगरावर होते, म्हणजे थडग्यांत. बायका, सुना, कधी शहरातून सुटीला आलेले जावई ती मशीनं घेऊन येत. तामोत्सु मूठ बघूनच माणूस ओळखायचा. डावीकडची मूठ झिजलेली असली की मालक डावरा. लिव्हरला चिंधी बांधलेली असली की त्याचे सांधे दुखायचे. तो एकटाच राहायचा, बायको कधीची सोडून गेली होती. दिवसभर अशा मुठी हातात धरून त्याला जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचीच सवय झाली होती. खालच्या गावातली पोरं त्याच्या दुकानावरून जाताना उगाच पाय उचलत.

इवाओचं मशीन बांधाच्या उतारावरचं गवत कापायचं होतं. माणसानं बांधावरच्या अरुंद पायवाटेनं चालायचं आणि पातं उतारावर फिरवायचं. पायवाट ज्या बाजूला, त्या बाजूला दांडा वळवता यायचा. इवाओ दरवर्षी तक्रार घेऊन यायचा.

"तापलं की बंद पडतं बघ. मग देव आला तरी सुरू होत नाही."

तामोत्सु दुकानात ते तापेपर्यंत चालवायचा, बंद करायचा, दोरी ओढायचा. पहिल्याच झटक्याला सुरू व्हायचं. कधी प्लग बदलला, कधी कार्बोरेटर धुतला. शेवटी एकदा म्हणाला, "इवाओसान, त्याच्याशी झटापट करत बसू नका. सावलीत टेका, थंड होऊ द्या. आपोआप सुरू होईल."

तसं खरंच व्हायचं. गेल्या उन्हाळ्यात इवाओ असाच टेकला आणि उठलाच नाही. उन्हानं गेला म्हणाले. वरच्या वळणावर, तेंदूच्या झाडाखाली, मशीन शेजारी आणि टोपी गुडघ्यावर.

आता त्याचं मेल्यानंतरचं पहिलं बोन होतं, म्हणजे पितरांचा सण. ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टच्या तेरा तारखेला संध्याकाळी दारात आग पेटवायची, आणि डोंगरावरून पितर उतरून घरी यायचे. त्याआधी थडग्यांपासून दारापर्यंतची वाट साफ हवी. नव्या पितराला तर वाट माहीतच नसते. वाट बुजलेली राहिली तर तो रानातच फिरत राहतो, असं इवाओच्या तानिओकु वाडीत सगळे मानत.

तेरा तारखेला सकाळी किनुएचा फोन आला. इवाओची बायको.

"तामोत्सुसान, वर या. मशीन खाली दुकानात आणून उपयोग नाही. तुम्हीच या."

"काय झालं?"

"वळणावर थांबतंय. रोज तिथंच थांबतंय."

तो छोट्या ट्रकनं वर गेला. किनुए दारात उभी होती, डोक्याला पंचा बांधलेला, हाताला गवताचे ओरखडे. तिनं जवाचा गार चहा आणि खारवलेली काकडी पुढं केली, पण स्वतः बसली नाही.

"घरापासून वळणापर्यंत कापलं. तिथं बंद पडतं. मी तिथं बसून राहत नाही, घरी येते. दुसऱ्या दिवशी चालू करून वर नेते, की परत तिथंच."

"चढावर तापतं ते, काकी."

"तापत असेल." तिनं हातावरचा ओरखडा चोळला. "दोरी ओढते ना, तर पलीकडून कुणीतरी धरल्यासारखी वाटते. जोरात नाही. आपण झोपेत असलेल्याच्या हातातून काहीतरी काढून घ्यावं ना, तसं."

तामोत्सुनं काकडीचा तुकडा चावला.

दुपारच्या उन्हात दोघं मशीन घेऊन निघाले. झाडांवरचे किडे किर्र ओरडत होते. वळणावर पायवाट एका बांधापुरती उजवीकडे जायची, पुढं परत डावीकडे. किनुएनं दांडा उजवीकडे वळवला. मशीन चार पावलं गेलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

त्याच क्षणी किडेही गप्प झाले. एवढ्या मोठ्या डोंगरात पानाचाही आवाज नव्हता.

"असंच होतं," किनुए हळूच म्हणाली.

तामोत्सुनं दोरी ओढली. ती अर्ध्यावर जड झाली. तापलेल्या इंजिनात असं होतं, त्यानं स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा ओढताना मात्र त्यानं हात हलका ठेवला, कारण आपण जोर लावला तर पलीकडचाही लावेल असं त्याला वाटून गेलं.

मग तो कामाला लागला. टाकीचं झाकण सैल केलं, हवा अडत नव्हती. पेट्रोल येत होतं. प्लग काढून लोखंडाला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी नाही. ठिणगी देणारी नवी कॉइल बरोबर आणली होती, ती घातली. तरी ठिणगी नाही. त्याच्या मानेवरून घाम ओघळून इंजिनवर पडला आणि चर्र झालं. तेंदूखाली गार सावली होती. त्याला तिथं टेकावंसं फार वाटलं. पाय आपसूक तिकडं वळले.

"तिथं नका बसू!" किनुए ओरडली.

तो दचकून थांबला.

"आणि दांडा असा वाटेत का ठेवलाय?" ती घाबरल्यावर रागवायची तशी रागावली. "हे बसायच्या आधी दांडा डावीकडे फिरवून ठेवायचे. वाट मोकळी." तिनं दांडा खटकन फिरवला.

प्लग अजून बाहेरच लोंबत होता. तामोत्सुनं काहीतरी करायचं म्हणून दोरी ओढली. लख्ख निळी ठिणगी.

त्यानं दांडा उजवीकडे नेला. ठिणगी गेली. डावीकडे आणला. ठिणगी आली.

दांड्यातून इंजिन बंद करायच्या बटणाची वायर यायची. ती धुराड्याजवळून जात होती. तिथं तिचं वेष्टण वितळून पातळ झालं होतं. तापलं की ते मऊ पडायचं, आणि दांडा उजवीकडे गेला की तार लोखंडाला टेकायची. म्हणजे बंदचं बटण दाबल्यासारखंच. दुकानात दांडा कधी उजवीकडे वळलाच नव्हता.

"सापडलं?" किनुएनं विचारलं.

"सापडलं." त्यानं वायर चिमटीत धरली. "थांबायची गरज नव्हती, काकी. इवाओसान बसायच्या आधी दांडा फिरवायचे, तेवढ्यानंच ते बरं व्हायचं. त्यांना वाटायचं थंड झालं म्हणून झालं. मलाही तसंच वाटलं. मीच त्यांना बसा म्हणालो."

किनुए तेंदूखालच्या सावलीकडे बघत राहिली.

"त्यांना बसायला आवडायचं," ती म्हणाली. "तुम्ही नसतं सांगितलं तरी बसले असते. वायर बांधा आता, ऊन उतरतंय."

त्यानं वायर बाजूला घेऊन टेप गुंडाळला. दांडा उजवीकडे ठेवून, तापलेल्या इंजिनाची दोरी ओढली. एका झटक्यात सुरू झालं. तो कापत पुढं निघणार, इतक्यात खालून काठी आपटल्याचा आवाज आला. वाडीतली सगळ्यात म्हातारी शिगे आजी हातवारे करत चढत होती. त्यानं इंजिन बंद केलं.

"कुणाला घालवताय रे?" आजीला धाप लागली होती.

"वाट साफ करतोय, आजी. बोनची."

"चढत? अक्कल गहाण ठेवलीस का? चढत कापतात ती प्रेत न्यायची वाट. बोनची वाट वरून खाली कापत यायची. शेंडे बघ की, कुठं तोंड करून पडलेत!"

खालचं सगळं कापलेलं गवत डोंगराकडे शेंडे करून पडलं होतं. किनुएचा चेहरा उतरला.

"हे तर पातं बंद ठेवूनच वर न्यायचे," ती पुटपुटली. "मला वाटायचं, पेट्रोल वाचवतात."

"पुरुषांची कामं पुरुष सांगत नाहीत, आणि मग मरून जातात," आजी म्हणाली.

"दाताळ्यानं शेंडे फिरवले तर, आजी?" किनुएनं विचारलं.

"वाट काय अंथरूण आहे, उलटं घालायला? एकदा जा म्हटलं की म्हटलं."

तामोत्सु खालच्या गावचा. त्याच्याकडे ही रीत नव्हती. तरी त्यानं काही न विचारता पातं बंदच ठेवलं आणि मशीन थडग्यांपर्यंत वर नेलं. तिथून दांडा कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवत तो कापत उतरला. मशीन एकदाही थांबलं नाही. ऊन कलल्यावर तो तेंदूखाली पोचला. वरून आलेलं गवत खाली बघत होतं, खालून आलेलं वर. मध्ये त्या सावलीएवढी जागा होती, आणि तिथलं गवत कुणीच कापलेलं नव्हतं.

"म्हणजे इथवर येतील," किनुए म्हणाली. "आणि पुढची वाट त्यांना माघारी जा म्हणेल."

"दरवर्षी इथंच तर थांबायचा," आजी म्हणाली. तिच्या आवाजातली धार गेली होती.

"मग आग दारात नको." किनुएनं पंचा सोडून तोंड पुसलं. "मी इथं पेटवते."

तिनं घरून सोललेल्या वाळक्या काड्या आणल्या, वळणावर मातीच्या ताटलीत पेटवल्या. वारा नव्हता, तरी धूर सरळ वर गेला नाही. आधी डोंगराकडे गेला, मग वळून सावलीच्या जागेवर येऊन रेंगाळला. संध्याकाळचे किडे एकेक करून सुरू झाले. आजीनं हात जोडले. तामोत्सुनंही जोडले, पण तेंदूकडे बघितलं नाही.

किनुए सावलीकडे पाठ करून खाली बसली. दोन्ही हात मागे नेऊन तिनं बोटं एकमेकांत गुंतवली, पोराला पाठुंगळी घेताना घेतात तशी.

"चला," ती म्हणाली. "माझ्याबरोबर आलात तर वाटेला काहीही म्हणू दे."

ती उठायला लागली आणि मध्येच अडकली. मग दात खाऊन उभी राहिली.

"काकी?"

"जड आहेत," ती म्हणाली. "खायला तर त्या उन्हाळ्यात काहीच मागत नव्हते."

ती वाकून, पाऊल चाचपत उतरू लागली. वर बघणारे शेंडे तिच्या पायाखाली करकरत होते. बांध अरुंद झाला तिथं तिचा तोल गेला. तामोत्सु पुढं धावला आणि त्यानं हात दिला.

"नको," ती म्हणाली. "मी हात सोडले तर पडतील."

तामोत्सुनं हात मागे घेतला. बांधाच्या भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला, दोघांना जाता येईल एवढी वाट सोडून.