नऊ-चाळीसची बस आणि आमचे अण्णा

या शहरात बसची वाट पाहणारे लाखो असतील, पण बसवर श्रद्धा असलेला माणूस एकच आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. चार पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. सगळा जन्म बनशंकरीत गेला, आणि उतारवयात मुलाने फ्लॅट घेतला म्हणून आनेकलच्या वाटेवरच्या आमच्या सोसायटीत येऊन पडले. सोसायटीच्या नावात दोन फ्रेंच शब्द आहेत आणि नळाला टँकरचं पाणी. 'शहरापासून फक्त वीस मिनिटं' असं जाहिरातीत छापलं होतं. ती कोणत्या वाहनाने, हे विचारायला मी पुण्याहून आलेला शहाणा विसरलो. इथे सकाळी नऊ-चाळीसला एक बस जाते आणि संध्याकाळी एक परत येते. तीही तिची मर्जी असेल तर. स्टॉप गेटापासून दीड किलोमीटर लांब, मधे फुटपाथ म्हणून नाही. अण्णा नऊलाच निघतात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल, कारण स्टॉपवर बाक सोडाच, पाटीसुद्धा नाही. अण्णा स्टूल मांडून बसले की तो स्टॉप.

अण्णांच्या मते बसला कधीच उशीर होत नाही. "तुझं घड्याळ स्वल्प पुढे आहे," असं मला ते तीनदा म्हणालेत. एकदा ती सलग दोन दिवस आलीच नाही, तेव्हा "तिलाही विश्रांती नको का?" असं म्हणून मलाच ओशाळं केलं. कंडक्टरच्या मुलीची परीक्षा कधी, हे त्यांना तोंडपाठ. एकदा बस भर रस्त्यात बंद पडली. बाकीचे लोक चडफडत रिक्षा पकडून गेले आणि हे मेकॅनिक येईपर्यंत आपल्या सीटवर बसून राहिले. "आपल्या माणसाला असं वाटेत टाकून जातात काय?" म्हणे! मुलाने फोनमध्ये टॅक्सीचं ॲप घालून दिलं, तर म्हणाले, "मी त्या ड्रायव्हरला बोलावणार, तो फोन करून कुठं जायचंय विचारणार आणि मग येणार नाही. बस निदान न विचारता येत नाही."

या सगळ्या खटाटोपाचं कारण बनशंकरीत राहतं. त्यांची थोरली बहीण, अक्का. ऐंशी ओलांडलेली, एकटी. दुपारचं जेवण दोघं रोज एकत्र जेवतात. अण्णा पोचल्याशिवाय अक्का पानावर बसत नाहीत, मग तीन वाजोत की चार.

मध्यंतरी कंडक्टरने बातमी आणली, की शेवटच्या, म्हणजे आमच्याच स्टॉपवर माणसंच नसतात म्हणून ही बस बंद होणार. सोमवारी एक साहेब स्वतः येऊन बघणार. अण्णा हादरले. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस दारोदार फिरला. "एकच दिवस या रे, अक्कासाठी म्हणा हवं तर. नुसते उभे राहा." आमच्या ग्रुपवर साठ अंगठे उमटले. सार्वजनिक वाहतुकीवर तीन लेख फिरले. आम्ही एकमेकांच्या जागरूकतेने अगदी भारावून गेलो.

आणि सोमवारी, खरंच सांगतो, सगळे आले. आपापल्या गाड्यांतून आले. स्टॉप लांब, रस्त्यावर धूळ आणि तिथूनच पुढे ऑफिस गाठायचं, मग दुसरं करणार काय? जिथे बस वळते त्या मोकळ्या जागेत एकीला एक खेटून चाळीस गाड्या लागल्या. नऊ-चाळीसची बस, कधी नव्हे ती, नऊ-चाळीसला आली. हॉर्न वाजवून वाजवून थकली आणि आली तशी मागे मागे सरकत निघून गेली. साहेब आतच बसलेले होते. ऐन मधोमध जी पांढरी गाडी होती ती माझी. मी आत एसी लावून ग्रुपवर 'अण्णा, वी आर विथ यू' टाइप करत होतो.

आठवड्याने निर्णय आला. बस चालू राहील, पण अलीकडच्या गावातल्या देवळापासूनच परत फिरेल, कारण शेवटच्या स्टॉपवर वळायला जागा नाही. आम्ही सगळे तोंड लपवत होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी, बिडू. जाऊ दे रे. माणसं आली, हे काय थोडं झालं?" माझ्या गाडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. काढायला हवा होता हो!

आता ते साडेतीन किलोमीटर चालतात. सोडायला येतो म्हटलं, की माझं ऑफिस उलट्या दिशेला असल्याची मला आठवण करून देतात. गेल्या रविवारी मात्र मी हट्टाने त्यांना गाडीत घातलं. दोन तास लागले. डबा मांडीवर धरून ते परक्या घरात बसल्यासारखे बसले होते आणि शेजारून जाणारी प्रत्येक बस मान वळवून बघत होते.

अक्का पानं मांडून वाटच बघत होत्या. मलाही बसवलं. वाढता वाढता म्हणाल्या, "तू ह्याच्याच बिल्डिंगमधला ना रे? बस अगदी तुमच्या गेटाशी येते म्हणे. तेवढा एक घोर नाही बघ माझ्या जिवाला. चालत यावं लागलं असतं, तर मीच म्हटलं असतं, नको येऊ बाबा."

अण्णा पानातल्या मिठाकडे बघत होते.

"हो अक्का," मी म्हणालो, "अगदी गेटाशी येते. अण्णा दिसले नाहीत, तर दोन मिनिटं थांबतेसुद्धा."