यमुनाबाईचा दहावा

महिपत, ‘बाई, पुस्तकाच्या मागच्या पानावर माझ्याबद्दल चार ओळी लिहा,’ म्हणालास. जन्मतारीख, नोकरी, छंद! वाचणारा जांभई देईल. ते मला जमायचं नाही. घडलं ते लिहिते. पटलं तर छाप, नाहीतर राहू दे.

शेणव्याचा महिपत विशे वायरमन म्हणून निवृत्त झाला, पण गावाने त्याला निवृत्त होऊ दिलं नाही. तो ओटीवर कादंबरी लिहायला बसला, की कुणाचा तरी पंखा बंद पडतोच. त्यातून दोन पानं झालीच, तर तो शेजारच्या सकुबाईला हाक मारतो. ती वाल सोलत ऐकते. हसली तर पान राहतं. मधेच उठून गेली तर चुलीत. अशी त्याची लिहिण्याची रीत.

गेल्या वर्षी कादंबरी निम्म्यावर अडली. तिच्यात एक यमुनाबाई होती. दिवसभर मिसरी लावणारी, कोंबड्यांना नावानिशी शिव्या घालणारी. म्हणजे उघड उघड सकुबाईच. तिचं पुढे काय करावं सुचेना, म्हणून महिपतने तिला ताप आणून मारून टाकलं. लेखकांची ही खोड जुनीच! पण यमुनाबाई गेली आणि लिहिणंही गेलं. कितीतरी दिवस ओळ सुचेना. शेवटी त्याने ठरवलं, इथेच ‘समाप्त’ लिहायचं, कागद माळ्यावर टाकायचे आणि उरलेलं आयुष्य लोकांचे पंखे दुरुस्त करायचे. तेवढं शेवटचं पान सकुबाईला ऐकवलं.

तिने वालाचं सूप बाजूला सारलं.

“मी मेली?”

“तू नाय गो काकी. यमुनाबाई.”

“शिव्या माज्या, कोंबड्या माज्या, आन मरायला यमुनाबाई? बरा. मेली तं मेली. दहावा केलास का?”

“कादंबरीत दहावा नसतो, काकी.”

“का? कादंबरीतली माणसा बिगरपिंडाची जातात? कावळा शिवला का नाय, ता तरी सांग!”

महिपत हसला, पण हात कागदाकडे गेला. बसल्या जागी त्याने दहावा मांडला. नदीकाठ, भाताचा पिंड, झाडावर कावळे. कावळा पिंडाला शिवेना, म्हणजे म्हातारीची इच्छा राहिलेली. घरचे हात जोडून उभे. मोठा मुलगा म्हणाला, आई, तुझी म्हैस विकणार नाय. कावळा ढिम्म. सून म्हणाली, तुमच्या कोंबड्या कापणार नाय. कावळ्याने मान फिरवली.

“खोटा बोलते ती,” सकुबाई म्हणाली. “त्याला समाजला.”

“मग तूच सांग, तुजी काय इच्छा?”

तिने विचारसुद्धा केला नाही. “माजा पितळेचा घंगाळ. नणंदेनं मुरबाडला नेला, लेकीच्या लग्नाला. त्या लेकीला आता सून आली. घंगाळ काय आला नाय.”

झालं! यमुनाबाईचे मुलगे घंगाळ आणायला जीपने मुरबाडला निघाले. आत्या आधी रडली, मग तिने पोटभर जेवू घातलं, मग म्हणाली, “कसला घंगाळ?” भावाभावांत जुंपली, आत्याच्या घरातली भांडणं वर आली, आणि मेलेल्या म्हातारीने कादंबरी दुप्पट केली. तिकडे नदीकाठी कावळा अजून झाडावरच.

आता पहिला भाग छापायला गेलाय. छपाईच्या कामासाठी महिपतच्या मुरबाडला खेपा चालू असतात, आणि प्रत्येक खेपेला सकुबाई बजावते, “येताना घंगाळ घेऊन ये. खराखुरा.” तो “आणतो” म्हणतो. नणंदेचं घर स्टँडच्या मागेच. तो गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, उभा राहतो, आणि भजी घेऊन परततो. घंगाळ खरंच मिळालं तर दुसऱ्या भागात लिहायचं काय?

परवाही तो जीपमधून नुसती भजी घेऊन उतरला.

“घंगाळ?”

“जीपमध्ये जागाच नव्हती गो, काकी.”

सकुबाईने त्याच्याकडे पाहिलं, भजीचा पुडा काढून घेतला आणि ओटीवर बैठक मारली.

“बरा. पुढचा वाच.”