आबांच्या पिशवीनं मंदावलेला उजेड

मंडळी, दुपारचा किस्सा सांगायला नेटकॅफेत येऊन बसलोय. राहवेना.

आमच्या लॅबमध्ये काचेवर एक पातळ थर चढवलाय. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तो हिरवागार चमकतो. हवेत स्फोटकाची वाफ आली की चमक मंदावते.

आज आई माझा डबा घेऊन आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि उजेड एकदम उतरला! "थर बिघडला की रं," मित्र ओरडला. पिशवी बाहेर नेली, तर चमक हळूहळू परत आली.

मग पिशवी ओळखली. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खाकी पिशवी! आबा विहिरींना सुरुंग लावायचे, स्फोटकाच्या कांड्या हिच्यातनंच न्यायचे. त्या वासानं डोकं दुखतं म्हणून आई ती अंगणातल्या लिंबाला टांगायला लावायची. आबा गेले, तशी ती ट्रंकेत पडून होती. रोजची फाटली म्हणून आईनं आज हीच काढली.

आईला सगळं सांगितलं. तिनं पिशवी हुंगली. "मला तर कायबी वास येईना."

मग स्वतःच ती परत टेबलावर ठेवली. हिरवा उजेड मंदावला.

"आलं बघ तुझं आबा," ती म्हणाली.

उजेड गेल्याचा एवढा आनंद तुम्हाला कधी झालाय?