लहान गाडीची बैठक

आग विझवायच्या गाड्या कोण बांधतं, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. लाल गाडी येते, भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात, संपलं. ती कारखान्यातून तशीच लाल होऊन बाहेर पडते, असं माझ्या सासूला माझ्या लग्नानंतर कितीतरी दिवस वाटायचं. शेवटी एकदा मी तिला आमच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं आणि म्हटलं, बघा आई, ही नुसती चेसिस येते, चाकं आणि इंजिन. मागची टाकी, पंप, कपाटं, शिडी, सगळं आम्ही बांधतो. ती म्हणाली, "अवं माय! अन् तू वेल्डिंग करतं?" मी म्हटलं, करत नाही, करणाऱ्यावर ओरडते. ते ऐकून ती निर्धास्त झाली, कारण ओरडण्याचं माझं काम तिनं घरी पाहिलंच होतं.

शेड माझ्या वडिलांची, यवतमाळच्या एमआयडीसीत. ते गेल्यावर मी चालवायला घेतली. जिल्ह्यात आणि आजूबाजूला नगरपरिषदांच्या अग्निशमन गाड्या बांधणारे आम्ही आठ-दहा जण होतो आणि आमची एक संघटना होती. तिचं नाव एवढं लांब की बॅनरवर दोन ओळी लागायच्या, म्हणून सगळे नुसतं संघटनाच म्हणायचे. एकमेकांना हाक मारायची ती गावावरून: वणीवाले, पुसदवाले, दारव्हावाले. मी यवतमाळवाली. फक्त पांढरकवड्याचे जे होते, संघटनेचे अध्यक्ष, त्यांना सगळे चाचा म्हणत. माझ्या वडिलांचे ते जिवलग मित्र. दोघांनी तरुणपणी एकाच गॅरेजात काम शिकलेलं. वडील गेले त्या दिवशी चाचा स्मशानाच्या फाटकाशी उभे होते आणि मला म्हणाले होते, "रो मत बेटा, शेड बंद नको करू." मी रडले पण शेड बंद केली नाही.

चाचांच्या तोंडून कौतुक म्हणून कधी कोणी ऐकलं नव्हतं. गाडी कितीही चांगली झाली तरी "चाललं" एवढंच म्हणायचे. आमच्या संघटनेत एक रीत होती. कोणाचीही नवी गाडी तयार झाली की बाकीच्यांनी तिच्याभोवती जमायचं, टाकी काठोकाठ भरायची, पंप सुरू करायचा आणि प्रत्येकानं एकेक चूक काढायची. काढलीच पाहिजे. नाही काढली तर चहा नाही. त्याला आम्ही गळती काढणं म्हणायचो. पुसदवाल्यांच्या गाडीखाली मी स्वतः साडी खोचून झोपले आहे आणि "भाऊ, ही तुमची झारी आहे का टाकी?" असं सगळ्यांदेखत विचारलं आहे. कोणी रागवायचं नाही. गाडीच्या बाबतीत आम्ही एवढे निर्लज्ज होतो. माणसांच्या बाबतीत मात्र एकदम तोंडाला कुलूप.

दुसरी एक रीत चाचांनीच घातली होती. त्यांच्या आधीच्या अध्यक्षानं सगळ्यांचा मिळून येणारा पत्रा आपल्या साळ्याच्या दुकानातून घ्यायला लावला होता, त्यावरून इतकी भांडणं झाली की संघटना मोडता मोडता राहिली. तेव्हा चाचांनी ठरवून टाकलं: ज्या विषयात अध्यक्षाच्या घरचं माणूस आहे, त्यावर अध्यक्षानं अवाक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, शेवटी अध्यक्षानं विचारायचं, "कोणाचं काही?" कोणी काही बोललं नाही तर "मंजूर" म्हणायचं. मतं मोजायची नाहीत. चांगलाच नियम होता हो. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या.

मग बाजार बदलायला लागला. जुन्या सरकारी गाड्या भंगारात काढायचा नियम आला. आम्हाला वाटलं, चला, आता दिवाळी. नव्या गाड्या लागणार, आपल्याकडेच येणार. पण नव्या टेंडरांच्या अटी वाचल्या आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीची तपासणी अमुक ठिकाणी झालेली पाहिजे, कंपनीची उलाढाल एवढी पाहिजे, टाकी अशीच पाहिजे. आमच्यातल्या कोणाच्याही एकट्याच्या शेडला ते झेपणारं नव्हतं. बाहेरच्या मोठ्या कंपन्या मात्र तयार होऊन बसल्या होत्या.

चाचांचा मुलगा तेव्हा पुण्याची नोकरी सोडून घरी आला होता. माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतो. डोक्यानं तल्लख आणि बोलायला लाजरा. झरी जामणीकडच्या एका गावात तो पंप दुरुस्त करायला गेला होता, तेव्हा तिथं एका घराला आग लागली. आमच्यासारख्याच कोणी बांधलेली मोठी गाडी नाल्याच्या अलीकडे उभी राहिली, पाइप पुरला नाही, आणि गावातल्या बायकांनी गुंड-कळशांनी पाणी टाकून जेवढं वाचवायचं तेवढं वाचवलं. आमच्याकडे हे नवं नाही. फुलसावंगीकडे सोयाबीनच्या गंज्या पेटतात तेव्हाही गाडी शेताकडच्या पांदणीच्या तोंडाशी चिखलात रुतून बसते आणि शिव्या आम्हाला पडतात. पण आम्ही शिव्या खाऊन गप्प बसायचो. तो गप्प बसला नाही. त्यानं छोटा हत्ती म्हणतात त्या लहान टेम्पोच्या चेसिसवर एक लहान गाडी आखली. शेताच्या वाटेवर जाईल, गल्लीत वळेल, ग्रामपंचायतीलाही परवडेल. आणि ती एकट्यानं नव्हे, संघटनेनं मिळून बांधायची. एक कंपनी, एक मोठी शेड. कोणी टाकी करायची, कोणी पंप बसवायचा, कोणी रंग. सगळे एक झाले तर उलाढालीची अटही पुरी होते, तपासणीही जमते.

माझ्या शेडमध्ये बसून त्यानं मला सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, संघटनेनं हो म्हटलं त मी इथंच राह्यतो. अब्बाजवळ. नाही म्हटलं त पुण्याच्या आगीच्या गाड्यांच्या मोठ्या कंपनीतून बोलावून राह्यले, तिकडं जातो. मंग काही मी वापस येत नाही."

"अन् अब्बा काय म्हणतात?"

"म्हणतात, खेळणं आहे."

ते तर चाचा सगळ्यांनाच म्हणत होते. वणीला एका लग्नात भेटले तेव्हाही म्हणाले, "आमचा पोट्टा खेळणं बांधून राह्यला." आम्ही हसलो. त्यांच्या मनात नाही असंच आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. चाचा त्यांच्या हातानं बांधलेल्या मोठ्या गाड्यांवर जीव टाकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पोरानंच येऊन ते सगळं मोडीत काढायचं, हे बुढ्याला किती लागत असेल, असं आम्ही आपसांत बोलायचो. बोलायचो म्हणजे फोनवर. चाचांना कोणी विचारलं नाही.

बैठक चाचांच्याच शेडमध्ये झाली. दुपारची वेळ, टिनाचं छप्पर, वर पंखे गरम हवा फेकत होते. मुलानं भिंतीवर चादर लावून चित्रं दाखवायचा घाट घातला होता, पण उजेडात चादरीवर काही म्हणता काही दिसेना. दारव्हावाले म्हणाले, "भाऊ, गाडी लहान आहे का दिसतच नाही?" सगळे हसले. पोरगा पण हसला, प्रोजेक्टर बंद करून तोंडानंच सांगायला लागला. आणि काय सांगितलं हो त्यानं! लाजरा म्हणून ज्याला आम्ही ओळखत होतो, तो बापाच्या ओळखीच्या आठ-दहा माणसांपुढे न अडखळता बोलत होता. दारव्हावाल्यांची टाकी कशी गळत नाही, वणीवाल्यांचा रंग कसा टिकतो, माझ्या शेडमधली कपाटं कशी बसतात, सगळं त्यानं पाहून ठेवलेलं. आमच्यातल्या प्रत्येकाला त्यात जागा होती.

चाचा अध्यक्षाच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मांडीवर रुमाल, मध्ये मध्ये चष्मा काढून पुसत होते. एकदाही त्यांनी पोराकडे पाहिलं नाही. आम्ही सगळे पोराचं ऐकत होतो आणि बापाकडे पाहत होतो.

मग पुसदवाले उभे राहिले. माणूस मनाचा चांगला, पण उभा राहिला की भाषणच करतो. "पोरगा हुशार आहे, त्यात वादच नाही. पण ज्या चाचांनी आपल्याले गाडी म्हणजे काय हे शिकवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत आपण खेळणी बांधायची का? हे मले त पटत नाही. चाचांचा मान आधी." टाळ्या पडल्या. वणीवाल्यांना कल्पना आवडली होती, मला ते आदल्या आठवड्यात स्वतः म्हणाले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या जिभेवर उत्तर होतं. मी काही कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण चाचांची ती खाली गेलेली मान पाहिली आणि माझी जीभ टाळूला चिकटली. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, आपल्या बापासारखा, सगळ्यांपुढे त्याला कशाला आणखी खाली पाहायला लावायचं.

चाचांनी विचारलं, "कोणाचं काही?" आवाज घोगरा होता. कोणाचं काही नव्हतं.

"मंजूर," ते म्हणाले.

म्हणजे पुसदवाल्यांचं म्हणणं मंजूर, लहान गाडी नामंजूर. त्याऐवजी अटी शिथिल करा असं निवेदन द्यायचं ठरलं. आमच्याकडे सगळ्याची अखेर निवेदनातच होते. आम्ही मोठा पुष्पगुच्छ घेऊन कलेक्टर कचेरीत गेलो, साहेबांनी पुष्पगुच्छ घेतला, फोटो काढला, निवेदन शिपायाकडे दिलं. गाड्यांची कामं एकामागून एक बाहेर गेली. वणीवाले कोळशाच्या डंपरची दुरुस्ती करू लागले, पुसदवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. मी लग्नाच्या मांडवात लागणारे पाण्याचे टँकर बांधते. पोट भरतं. पण शेडमधून लाल रंगाचा वास गेला, त्याची मला अजून सवय झालेली नाही. पोरगा तर बैठकीनंतर आठवडाभरातच पुण्याला गेला. जाताना माझ्याकडे येऊन चहा पिऊन गेला, एक शब्दही वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

यंदा चाचांनी शेड एका खतवाल्याला गोदामासाठी दिली. सामान हलवत होते त्या दिवशी मी पांढरकवड्याला गेले. चाचा बाहेर निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, आतून माणसं लोखंड बाहेर आणत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, पोरगा असता त हे झालं नसतं."

"नसतंच झालं," ते म्हणाले.

"मग आमचं तरी काय चुकलं? तुमच्या मनात नव्हतं, म्हणून त आम्ही..."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मध्येच थांबले. "माझ्या मनात नव्हतं? कोण म्हणते?"

"तुम्हीच म्हणायचे ना, खेळणं आहे!"

"अवं बेटा, आपल्या लेकराले काय चारचौघांत शाबास म्हणायचं? नजर लागते. मी तुह्या बापाच्या गाडीले तरी कधी चांगलं म्हटलं काय?"

"मग बैठकीत मान खाली घालून काहून बसले होते तुम्ही?"

आतून कोणीतरी विचारलं, हे पंप भंगारात घालायचे का. चाचांनी हातानंच हो म्हटलं. मग म्हणाले, "मले रडू येऊन राह्यलं होतं. एवढे मोठे लोक माझ्या पोट्ट्याचं ऐकून राह्यले, मले वाटलं, झालं, जिंकला माझा बच्चा. अध्यक्ष रडतानी दिसला त लोक काय म्हणतील, म्हणून मान खाली घातली. मले बोलाची त मनाई होती. माझाच नियम. मी वाट पाहत होतो का तुमच्यातलं कोणी बोलते. तू बोलशील म्हणलं. तू त कोणाले सोडत नाही."

मी तिथंच, खुर्चीशेजारी, मातीत बसले. अरे देवा, असं वाटलं की जाऊन एकेकाच्या कानाखाली द्यावी, पुसदवाल्यांच्या आधी, आणि पहिली माझ्याच. कोणालाच नको असलेली गोष्ट आम्ही सगळ्यांनी मिळून, एकमेकांचा मान राखत, किती प्रेमानं करून बसलो होतो.

"त्याला सांगितलं का हे?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी फोन काढला आणि पोराला लावला. "अब्बांना बोलायचं आहे," एवढंच म्हणून चाचांच्या हातात दिला. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून आवाज मोठा केला.

चाचांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "काय रे, कशी आहे तुही लहान गाडी? किती बांधल्या तिथं?"

"लहान नाही अब्बा," तो म्हणाला. "इथं मोठ्याच बनतात. मी दारांच्या विभागात आहे. दारं, बिजागऱ्या, कुलपं."

"अन् लहान कोण बांधते?"

"कोणीच नाही बांधत अब्बा."

चाचांनी फोन कानापासून थोडा दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जवळ आणला. "मी त म्हटलं, तू तिथं बांधत असशील," ते म्हणाले. "म्हणून त तुले जाऊ देल्लं."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला. तो चालूच होता, पोराचा श्वास ऐकू येत होता.